मैदानावर बाई चालते, मग कमिटीत का नाही?



२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आमच्या वस्तीत कोणी विसरणार नाही. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला आणि आमच्या बुद्धविहारासमोर पोरांनी मध्यरात्री फटाके लावले. कालपर्यंत महिला क्रिकेटला नाके मुरडणाऱ्यांच्या स्टेटसला सांगलीच्या स्मृती मानधनाचे फोटो होते. "पोरींनी करून दाखवलं!" असे जो तो म्हणत होता. मलाही आनंद झाला. खोटे कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आले.

त्यानंतर तीन महिन्यांनी, फेब्रुवारीत, भीमजयंतीच्या टेनिस बॉल स्पर्धेसाठी मंडळाची बैठक झाली. स्पर्धा समितीची यादी वाचली गेली. अकरा नावे, अकराही पुरुष. एका तरुण कार्यकर्त्याने सुचवले, "यंदा पोरींची पण एक मॅच ठेवू. फायनलच्या आधी. गर्दी होईल." टाळ्या पडल्या. लगेच दुसऱ्याने मला विचारले, "ताई येतील ना स्कोअरिंगला?"

मी म्हणालो, "येईल. पण यंदा तिला समितीत घ्या."

बैठकीत शांतता पसरली. मग एक ज्येष्ठ कार्यकर्ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, आधी पोरींना खेळू तर दे. कमिटीचं नंतर बघू."

मित्रांनो, हा लेख त्या "नंतर"बद्दल आहे. आणि आधीच कबूल करतो, सतरा वर्षे "नंतर" म्हणणाऱ्यांच्या रांगेत मीही उभा होतो.

माझी ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. वडिलांना शाळेच्या मैदानावर मॅच बघायला जायचा नाद होता आणि ते तिला सोबत न्यायचे. तिथल्या एका मास्तरांकडून ती स्कोअर लिहायला शिकली. लग्नानंतर ती याच गावात राहिली आणि जयंतीच्या स्पर्धेची स्कोअरची वही तिच्याकडे आली. त्या वहीत एकही खाडाखोड नसायची. वाईड, नो-बॉल, बाय, लेगबाय सगळे वेगवेगळे. प्रत्येक ओव्हर संपली की ती फलंदाजांची बेरीज आणि गोलंदाजांची बेरीज जुळवून बघायची. जुळली की मगच पुढची ओव्हर.

२००९ ची सेमीफायनल होती. सहा ओव्हरची मॅच. पहिल्या संघाने ५७ केल्या. दुसऱ्या संघाचा डाव संपला तेव्हा फळ्यावर ५६ चा आकडा होता. पहिल्या संघाची पोरे नाचायला लागली. ताई वही घेऊन समितीच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅच टाय आहे. फळ्यावर एक बाय लागलेली नाही." तिने हिशेब दाखवला. फलंदाजांच्या ४९, वाईडच्या ७ आणि बायची १. झाल्या ५७. गोलंदाजांच्या खात्यावर ५६, कारण बायची धाव गोलंदाजाच्या नावावर चढत नाही. म्हणजे पुन्हा ५७. दोन्ही बाजूंनी बेरीज जुळत होती.

टेबलावर बसलेल्या एकानेही ती बेरीज करून पाहिली नाही. "ताई, फळा सगळ्यांनी बघितलाय. वहीत तुमच्याकडून चुकलं असंल," असे म्हणून निकाल जाहीर झाला. त्या टेबलावर स्पर्धेचा सचिव म्हणून मी बसलो होतो. बायची ती धाव मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. चेंडू कीपरच्या पायातून मागे गेला आणि पोरे पळाली. मी बोललो नाही. जिंकलेला संघ आमच्या गल्लीचा होता.

त्या रात्री मी ताईला विचारले, "तू जोर लावून का बोलली नाहीस?" ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बोललेच की. टेबलाच्या ह्या बाजूनं बोललं की ऐकू येत नाही तुम्हाला."

मला तेव्हा राग आला होता. आज वाटते, प्रतिनिधित्वाचा सगळा प्रश्न तिने त्या एका वाक्यात मांडला होता.

आता आपल्या लोकांना हा प्रश्न नवा वाटू नये. क्रिकेटमध्ये "खेळा, पण पुढारपण मागू नका" हे पहिल्यांदा कोणाला सांगितले गेले? बाळू पालवणकरांना. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज. पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकण्याचे काम करता करता तो देशातला सर्वांत मोठा गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात त्याला मैदानावर सोबत घेणारे सवर्ण खेळाडू चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा देत होते. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. आणि कर्णधारपद? वर्षानुवर्षे हिंदू संघाला सामने जिंकून देणाऱ्या बाळूंची त्या पदावर कधी रीतसर नेमणूक झाली नाही. १९२० मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली, जाहीर निषेध केला. तेव्हा कुठे वातावरण बदलू लागले आणि १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, हेही आपल्याला ठाऊक आहे. पण त्यामुळे मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय लहान होत नाही.

या इतिहासातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. गुणवत्ता दाखवली की नेतृत्व आपोआप मिळते, हे खोटे आहे. गुणवत्ता बाळूंकडेही होती. नेतृत्व मिळाले ते कोणीतरी अडून बसल्यावर.

आता महिला क्रिकेटकडे या. १९७३ मध्ये लखनौच्या महेंद्रकुमार शर्मा यांच्या पुढाकाराने भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली. बेगम हमीदा हबीबुल्लाह तिच्या अध्यक्ष होत्या. त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात भरली आणि तिच्यात तीनच संघ होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. संघटनेकडे पैसा नव्हता. मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून जायच्या, वसतिगृहात जमिनीवर झोपायच्या, किट एकमेकींत वाटून वापरायच्या. पण दौरे ठरवणे, संघ निवडणे, पैसा उभा करणे या कामांत बाया होत्या. नूतन गावस्कर संघटनेच्या सचिव होत्या. पुढे भारताच्या माजी कर्णधार शुभांगी कुलकर्णी यांनी सचिवपद सांभाळले.

२००६ मध्ये ही संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली. ते व्हायला हवेच होते, कारण मैदाने, पैसा, डॉक्टर, प्रवास या सोयी तिकडेच होत्या. पण विलीनीकरणात खेळाडू आत गेल्या आणि बायांच्या कारभाराच्या खुर्च्या बाहेर राहिल्या. पुढे काय झाले? २००६ नंतर थेट २०१४ पर्यंत भारतीय महिला संघाने एकही कसोटी सामना खेळला नाही. आठ वर्षे! एका पिढीची ऐन उमेदीची वर्षे त्यात गेली. खेळाडूंना वार्षिक करार मिळायला २०१५ उजाडले. पुरुषांची आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली, महिलांची प्रीमियर लीग २०२३ मध्ये. जिथे वेळापत्रक ठरते आणि पैसा वाटला जातो तिथे "आमच्या कसोटीचे काय?" असे विचारणारी बाईच बसलेली नसेल, तर असेच होणार.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सामन्याचे मानधन स्त्री-पुरुषांना समान झाले: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. चांगलेच झाले. पण २०२४-२५ च्या वार्षिक करारात महिलांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ५० लाख होते आणि पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ७ कोटी. पुरुषांच्या सामन्यांतून पैसा जास्त येतो, हे उत्तर मला माहीत आहे. पण महिलांचे सामनेच वर्षानुवर्षे कमी ठेवायचे, टीव्हीवर दाखवायचे नाहीत आणि मग पैसा येत नाही म्हणायचे, हा कुठला न्याय? विहिरीवर पाणी भरू द्यायचे नाही आणि वर "हे अस्वच्छ असतात" म्हणायचे, हा युक्तिवाद आपल्या बापजाद्यांनी ऐकलेला आहे.

मग बायांना खुर्ची मिळाली ती कुठल्या दाराने? मला दोन दारे दिसतात.

पहिले दार न्यायालयाचे. लोढा समितीच्या शिफारशी आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल यामुळे बीसीसीआयची घटना बदलली. २०१७ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीत माजी कर्णधार डायना एडुलजी होत्या. नव्या घटनेनुसार नऊ जणांच्या शिखर परिषदेत माजी खेळाडूंचे दोन प्रतिनिधी आले, एक पुरुष आणि एक महिला. त्या जागेवर २०१९ मध्ये शांता रंगास्वामी आल्या. ज्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९७६ मध्ये पाटण्याला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली महिला कसोटी जिंकली, त्यांना निर्णयाच्या टेबलावर बसायला ४३ वर्षे लागली. तेही न्यायालयाने नियम करायला लावला म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा संघटनांच्या कार्यकारी समितीत किमान चार महिला असाव्यात अशी तरतूद आहे. आरक्षणाला नावे ठेवणाऱ्यांनी हे नीट बघावे. नियम येईपर्यंत दार उघडत नाही, हा आपला शंभर वर्षांचा अनुभव आहे.

दुसरे दार घराण्याचे. बीसीसीआयशी संलग्न राज्य संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष २०१९ मध्ये तामिळनाडूत झाल्या. त्या रूपा गुरुनाथ, म्हणजे बीसीसीआयचे माजी अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांच्या कन्या. त्यांच्या क्षमतेबद्दल माझा काही वाद नाही. पण ज्या दारातून जायला आडनाव लागते, त्या दारातून माझी ताई कशी जाणार? तुमची बहीण कशी जाणार?

म्हणून तिसरे दार बांधावे लागेल, आणि ते तयारीचे दार आहे. ते कसे असते याची उदाहरणे आहेत. नवी मुंबईच्या वृंदा राठी आधी स्कोअरर होत्या, मग परीक्षा देऊन पंच झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन यांच्यासह त्या पुरुषांच्या रणजी सामन्यात पंच म्हणून उभ्या राहिल्या. आंध्रच्या जी. एस. लक्ष्मी २०१९ मध्ये आयसीसीच्या पहिल्या महिला सामनाधिकारी झाल्या आणि त्याच वर्षी त्यांनी पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यात ते काम केले. २०२५ च्या महिला विश्वचषकात सगळे पंच आणि सामनाधिकारी महिलाच होत्या. या बायांना कोणी सत्कार म्हणून पद दिले नाही. वही, परीक्षा, छोटे सामने, मोठे सामने अशी एकेक पायरी त्या चढल्या. पायरी असली की बाई चढते. प्रश्न पायरी बांधायचा आहे.

प्रशिक्षकांचे बघा. विश्वचषक जिंकलेल्या आपल्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार. रणजीत धावांचे डोंगर रचूनही ज्यांना भारताची टोपी मिळाली नाही, त्या माणसाच्या हातून हा चषक आला याचा मला आनंदच आहे. पण गोलंदाजीचे आणि क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षकही पुरुषच होते. २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगमध्ये पाच संघांच्या पाच मुख्य प्रशिक्षकांत दोन महिला होत्या, दोघीही परदेशी. भारतीय बाई एकही नाही. आणि त्याच वर्षी नुशीन अल खादीर यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या १९ वर्षांखालच्या मुलींनी विश्वचषक जिंकला होता! म्हणजे बाया तयार नाहीत असे नाही. तयार असलेल्या बाईकडे नजर जात नाही.

"पण दादा, एक बाई बसवली तरी तिच्यामागून नवराच कारभार करतो," असे एक जण आमच्या बैठकीत म्हणाला. सरपंचपतीचा दाखला त्याने दिला. दाखला खरा आहे. पण महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ मध्ये मिळाले. त्यानंतर नवऱ्याला घरी बसवून ग्रामसभा चालवणाऱ्या सरपंच आपण बघितल्या की नाही? पहिल्या टर्मला सही कुठे करायची हे विचारणारी बाई दुसऱ्या टर्मला ग्रामसेवकाला जाब विचारते. खुर्चीवर बसूनच खुर्चीचे काम शिकता येते. पुरुषही तसेच शिकले. २००९ मध्ये मी सचिव झालो तेव्हा मला पावतीपुस्तकसुद्धा नीट लिहिता येत नव्हते. मला कोणी म्हणाले नाही की आधी पात्रता सिद्ध कर.

बाबासाहेबांनी शासनकर्ती जमात व्हा असे सांगितले, मोक्याच्या जागा ताब्यात घ्या असे सांगितले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अस्पृश्य महिलांची परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या परिषदेत बाबासाहेब बायांना म्हणाले की मी समाजाची प्रगती त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. ८४ वर्षांपूर्वी आपल्या चळवळीत बाई परिषदेची अध्यक्ष होती. आणि आज त्यांच्याच जयंतीच्या क्रिकेट स्पर्धेच्या समितीत अकराच्या अकरा पुरुष? बीसीसीआयला आणि मनुवाद्यांना शिव्या देण्याआधी आपण आपला फळा तपासू. तिथेही एक धाव लागायची राहिली आहे.

आता बैठकीत पुढे काय झाले ते सांगतो. दोन तास वाद झाला. शेवटी तोडगा म्हणून कोणीतरी म्हणाले, "ठीक आहे, ताईंना उपाध्यक्ष करू." सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. मी घरी जाऊन ताईला सांगितले. मला वाटले, खूश होईल.

ती म्हणाली, "उपाध्यक्ष काय करतो?"

मी विचार केला. खरेच, उपाध्यक्ष काय करतो? बॅनरवर फोटो आणि बक्षीस वाटपाला एक हार.

"मला खजिनदार करा," ती म्हणाली. "एंट्री फी किती आली, बॉल किती आणले, मंडपाला किती गेले, सगळं लिहीन. आणि नियम लिहून घ्या की स्कोअररची वही शेवटची. फळा चुकला तर फळा पुसायचा. आणि स्कोअर लिहायला दोन पोरी माझ्या हाताखाली द्या. मी काय जन्मभर बसू का?"

पुढच्या बैठकीत मी हे तिन्ही मुद्दे मांडले आणि त्याआधी २००९ ची ती मॅच सगळ्यांसमोर सांगितली. मी गप्प बसलो होतो, हेही सांगितले. जिंकलेल्या संघातले तिघे तिथेच बसले होते. एक उठून गेला. वहीचा नियम मंजूर झाला. दोन मुली स्कोअरिंग शिकायला लागल्या आहेत, एक अकरावीत आहे, एक नर्सिंगला. खजिनदारपद मात्र मिळाले नाही. "पैशाचं काम आहे, रात्री-अपरात्री जावं लागतं," असे कारण दिले गेले. ताईला सहखजिनदार केले आहे. म्हणजे अर्धी लढाई बाकी आहे, आणि यंदा मी टेबलाच्या कुठल्या बाजूला बसायचे ते मला कळले आहे.

तरुण मित्रांनो, तुमच्याही वस्तीत जयंतीची स्पर्धा होत असेल. समितीची यादी काढा आणि नावे मोजा. निम्म्या जागा महिलांना द्या, आणि त्यातली निदान एक जागा पैशाची किंवा निकालाची असू द्या. मुलींची मॅच ठेवाल तर ती फायनलआधीची करमणूक म्हणून नको. तिलाही तेवढेच बक्षीस ठेवा. जिल्हा किंवा राज्य संघटनेच्या पंच आणि स्कोअररच्या परीक्षा कधी निघतात याची चौकशी करा आणि दोन मुलींची परीक्षा फी मंडळाच्या वर्गणीतून भरा. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात अशा कितीतरी मुली परीक्षेला बसतील.

आणि वही घेऊन कोणी बाई तुमच्या टेबलापाशी आली, तर आधी बेरीज करून बघा.

जय भीम! जय सावित्री!